६ फेब्रुवारी: वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचा सण

वसईचा_वारा (धागाकर्ता)

मंडळी, जानेवारी संपत आला की आमच्याकडे नोव्हेनाची तयारी सुरू होते. नोव्हेना म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना. सण असतो संत गोन्सालो गार्सियाचा. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत हा वसईचा, आणि ही गोष्ट वसई-विरारच्या बाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. केरळच्या संत अल्फोन्सा आणि कोलकात्याच्या मदर तेरेसा सगळ्यांना माहीत आहेत. अल्फोन्सांना संतपद मिळालं २००८ साली, मदर तेरेसांना २०१६ साली. आमच्या गोन्सालोला ते १८६२ सालीच मिळालं होतं.

धागा काढण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. गोन्सालो जपानमध्ये क्रूसावर हुतात्मा झाला, आणि हुतात्म्याबद्दल बोलायला बसलं की सगळं बोलणं त्याच्या मरणाशी जाऊन थांबतं. क्रूस, भाले, टेकडी, संपलं. हा माणूस चाळीस वर्षं जगला आणि मुलांना आपण त्यातला एकच दिवस सांगतो. आधीची वर्षं बाजूला ठेवली तर तो दिवसही नीट उमगत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तर सुरुवातीपासून. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, त्याला वीसेक वर्षं झाली होती. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच, कोकणातली. किल्ल्यात जेझुइट ह्या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांकडे शिकला. त्यांच्या चर्चची कमानीची दर्शनी भिंत आजही किल्ल्यात उभी आहे. जवळच फ्रान्सिस्कनांच्या (हा दुसरा कॅथलिक संघ) चर्चमध्ये पायाखाली पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पाय पडू न देता चालणं अवघड जातं. किल्ला बघायला गेलात तर ही दोन्ही ठिकाणं चुकवू नका.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो जेझुइटांबरोबर जपानला गेला. भाषा झपाट्याने शिकला आणि काही वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. मग तो व्यापारात शिरला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. संतचरित्रात हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. मला तो फार मोलाचा वाटतो. ज्या दारावर मनापासून थाप मारली ते उघडलं नाही, पैसा हाताशी आला, पूर्वेच्या बंदरांत ओळखी झाल्या, आयुष्य सुखात गेलं असतं. तरी हा मनिलाला गेला, धंदा सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. फादर नाही, ब्रदर. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करण्याचा, पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांना वकील (राजदूत) म्हणून जपानला पाठवलं, ते जपानचा तेव्हाचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी ह्याच्याकडे. हिदेयोशी तेव्हा क्युशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात होता (आजचं नागोया शहर वेगळं) आणि तिथून कोरियावरची मोहीम चालवत होता. फिलिपिन्सनेही आपल्यापुढे मान तुकवावी असा त्याचा निरोप आधीच गेलेला होता. अशा माणसासमोर स्पॅनिश वकील बोलणार आणि त्याचं बोलणं जपानीत मांडणार वसईचा ब्रदर. एक शब्द उद्धट गेला तर सगळ्यांच्या मानेवर. बोलणी निभावली. फ्रान्सिस्कनांना राहायला परवानगी मिळाली, क्योतोत जागा मिळाली, तिथे चर्च उभं राहिलं आणि महारोग्यांसाठी दवाखाना.

पुढची तीन-साडेतीन वर्षं हा माणूस क्योतो आणि ओसाकात महारोग्यांमध्ये राहिला. सणाच्या दिवशी मला आधी ही वर्षं आठवतात. पुढचं प्रतिसादांत लिहितो. ज्यांना माहिती आहे त्यांनीही भर घालावी.

माडाखालची

फार बरं वाटलं हा धागा बघून. माझं माहेर गासचं. तिथलं चर्च गोन्सालो गार्सियांच्याच नावाचं आहे. वसईतलं कॉलेजही त्यांच्याच नावाचं, पण त्या कॉलेजात शिकणाऱ्या किती मुलांना ते कोण होते हे माहीत असेल, देव जाणे.

लहानपणी सणाच्या मिस्साला फादर लाल वस्त्रं घालून यायचे. आईने तेव्हा सांगितलं होतं की हुतात्म्याच्या सणाला लाल वापरतात, ते रक्ताचं. बाकीच्या संतांना पांढरं. तेव्हापासून मी आधी फादरांच्या वस्त्राचा रंग बघते आणि मग प्रवचन ऐकते. अजूनही.

एक विचारायचं होतं. माझी आजी ५ फेब्रुवारी म्हणायची. चर्चच्या दिनदर्शिकेत ६ असते. बरोबर काय?

वसईचा_वारा

ताई, आजीचंही बरोबर आहे. ज्या दिवशी संताने देह ठेवला तो दिवस त्याच्या सणाचा, अशी चर्चची जुनी रीत आहे. गोन्सालो आणि त्याच्या सोबत्यांना मारलं ते ५ फेब्रुवारी १५९७ ला. पण ५ तारीख त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून सिसिलीतल्या कातानियाच्या संत आगाथाची आहे. तीही हुतात्मा. म्हणून रोमच्या दिनदर्शिकेत जपानच्या २६ जणांचा सण ६ तारखेला घेतला आहे. दिनदर्शिकेत ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ असं लिहिलेलं असतं; पॉल मिकी हा त्या २६ जणांतला एक जपानी जेझुइट. ‘सोबती’ ह्या शब्दाआड आपला गोन्सालो झाकला जातो ह्याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

इतिहासवेडा

लेख आवडला. मी ख्रिस्ती नाही, पण हा काळ माझ्या वाचनाचा आहे. हिदेयोशीची बाजूही इथे यायला हवी, नाहीतर तो नुसता क्रूर राजा वाटतो.

१५८७ मध्येच त्याने मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. तो कडकपणे राबवला नाही, कारण पोर्तुगीज जहाजांचा व्यापार त्याला हवा होता. जेझुइटांनी हे ओळखलं आणि ते गाजावाजा न करता काम करत राहिले. १५८५ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरींनी जपान फक्त जेझुइटांकडे सोपवलं होतं. फ्रान्सिस्कन आले ते मनिलाहून, स्पेनच्या बाजूने, आणि त्यांनी राजधानीत उघडपणे काम सुरू केलं. दोन्ही संघांत ह्यावरून बेबनाव होता.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ठिणगी पडली. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटावर तोसा प्रांतात किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीने माल जप्त केला. त्यावरून वाद चालू असताना जहाजावरच्या एका सुकाणूवाल्याने स्पेनच्या साम्राज्याची फुशारकी मारली, आधी पाद्री जातात आणि मागून सैन्य जातं असं काहीतरी बोलला, आणि ते हिदेयोशीच्या कानावर गेलं, अशी कथा आहे. तो नेमकं काय बोलला ह्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. स्पॅनिश कागद पोर्तुगीजांकडे बोट दाखवतात, जेझुइटांचे कागद स्पॅनिशांकडे. पण फिलिपिन्स स्पेनने घेतलेलं होतं हे हिदेयोशीला दिसत होतं. त्याची शंका हवेतली नव्हती.

शिक्षा मात्र झाली ती महारोग्यांची सेवा करणाऱ्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या सुतार-स्वयंपाक्यांना. त्याची शंका खरी मानली तरी ह्या शिक्षेचं समर्थन होत नाही.

वसईचा_वारा

इतिहासवेडा, अगदी नेमकं लिहिलंत. फादरांमधला बेबनाव आमच्याकडे प्रवचनात कधी येत नाही. तो यायला हवा. संतांच्या अवतीभवतीची माणसं भांडत होती हे कळलं की संत काही लहान होत नाहीत.

पुढची हकीकत: डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो आणि ओसाकात धरपकड झाली. एकूण २४ जण. नाक-कान कापा असा मूळ हुकूम होता. इशिदा मित्सुनारी ह्या अधिकाऱ्याने तो सौम्य करून घेतला आणि क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. मग गाड्यांवर बसवून शहरांतून धिंड. तिथून नागासाकी, सुमारे ८०० किलोमीटर, ऐन हिवाळ्यात, बहुतेक वाट पायी. जवळजवळ महिना लागला. वाटेत ह्या लोकांची काळजी घ्यायला दोघे जण बरोबर चालत होते, त्यांनाही धरलं. त्यातला एक सुतार होता. असे २६ झाले.

त्या २६ जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि बाकी सतरा साधे जपानी प्रापंचिक. तीन तर मुलं. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा आणि थॉमस कोझाकी चौदा-पंधराचा. थॉमसबरोबर त्याचे वडीलही होते. वाटेत मिहारा किल्ल्यात मुक्काम असताना थॉमसने आईला पत्र लिहिलं, आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ अशा अर्थाचं. ते पोचवता आलं नाही. मरणानंतर वडिलांच्या अंगावरच्या कपड्यात ते रक्ताने भिजलेलं सापडलं. मला स्वतःला ह्या सगळ्या हकिगतीत ह्या पत्राइतकं दुसरं काही लागत नाही.

निशिझाका टेकडीवर क्रूस आधीच आणून ठेवले होते. खिळे ठोकले नाहीत. लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी बांधलं आणि दोन्ही बाजूंनी भाले चालवले. जेझुइट लुईस फ्रोईस तेव्हा नागासाकीतच होते आणि त्यांनी त्याच वर्षी सगळा वृत्तांत लिहून ठेवला, म्हणून आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे. गोन्सालो टेकडीवर पोचला आणि आपला क्रूस कुठला ते विचारून त्याला मिठी मारली, असं सांगतात. पॉल मिकीने क्रूसावरून जमलेल्या लोकांना शेवटचं प्रवचन दिलं आणि हिदेयोशीला क्षमा करतो म्हणाला.

शंकानिरसन

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नये. वडील पोर्तुगीज, शिक्षण जेझुइटांचं, आयुष्य जपान आणि मनिलात. ह्यांना ‘भारतीय संत’ म्हणणं कितपत योग्य? वसईवर जुलूम करणाऱ्या सत्तेच्याच बाजूचे नव्हेत का?

वसईचा_वारा

राग कसला. प्रश्न रास्त आहे आणि वसईत वाढलेल्याला तो टाळता येत नाही. पोर्तुगीज अंमलात इथल्या लोकांवर जबरदस्ती झाली, देवळं पडली, हे खरं आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात किल्ला घेतला, त्या दिवसाचं मोल आम्हालाही कळतं. त्यानंतर पोर्तुगीज फादर गेले आणि आमचे पूर्वज इथेच राहिले. शेती केली, केळी-पानवेली लावल्या, कादोडीत (आमच्या घरच्या बोलीत) आणि मराठीत प्रार्थना म्हटल्या. गोन्सालोला संतपद मिळालं तेव्हा वसईतली पोर्तुगीज सत्ता जाऊन सव्वाशे वर्षं होत आली होती.

तो स्वतः सत्तेच्या बाजूचा म्हणाल, तर हाताशी त्याच्याकडे काय होतं बघा. तलवार नाही, पद नाही, पाद्रीपणसुद्धा नाही. आई ह्या मातीतली. त्याच टेकडीवर त्याच दिवशी फेलिपे दे हेसूस नावाचा तरुण मारला गेला. मेक्सिको शहरात जन्मलेला, आईवडील दोघेही स्पॅनिश. मेक्सिको त्याला आपला पहिला संत मानतं आणि ५ फेब्रुवारीला त्याचा सण करतं. गोन्सालोची तर अर्धी नाळ सरळ कोकणात आहे. मी त्याला वसईकर म्हणतो आणि म्हणत राहीन.

ओसाकावासी

कामानिमित्त जपानमध्ये राहते. मागे नागासाकीला गेले होते तेव्हा निशिझाकाला मुद्दाम गेले. आता ती टेकडी शहराच्या पोटात आली आहे, नागासाकी स्टेशनपासून चालत थोडं चढून जायचं. १९६२ मध्ये, संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हा, तिथे स्मारक उभारलं. यासुताके फुनाकोशी ह्या शिल्पकाराने २६ जणांचे ब्राँझचे पुतळे एका रांगेत केले आहेत. क्रूस नाहीत, भाले नाहीत, जखमा नाहीत. बहुतेकांचे हात जोडलेले आणि पावलं खाली लोंबणारी, जमिनीला न टेकलेली. मोठ्यांच्या रांगेत मुलांच्या आकृती एकदम बुटक्या दिसतात. तिथे नजर अडकते.

मी गेले तेव्हा शाळेची सहल आली होती. पोरं गडबड करत होती. त्या मुलांपाशी आल्यावर शिक्षिका थांबली आणि वयं वाचून दाखवली. पोरं गप्प झाली, त्यांच्याच वयाची होती ती.

मागे संग्रहालय आहे. शेजारी फेलिपेच्या नावाचं चर्च आहे, त्याचे दोन मनोरे लांबूनही ओळखू येतात. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ मध्ये इथे येऊन गेले आणि पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये.

आणखी एक ठिकाण आवर्जून बघण्यासारखं आहे, ओउराचं चर्च. ते ह्याच २६ जणांना वाहिलेलं आहे. १८६५ च्या सुरुवातीला ते खुलं झालं. तेव्हा जपान्यांना ख्रिस्ती धर्म पाळायला बंदी होती. मार्चमध्ये उराकामी गावची काही माणसं तिथल्या फ्रेंच फादरांकडे आली आणि आमची श्रद्धा तुमच्यासारखीच आहे असं हळूच म्हणाली, मरियेची मूर्ती कुठे आहे विचारलं. अडीचशे वर्षं फादराशिवाय, लपूनछपून, आईवडिलांनी मुलांना शिकवत धर्म जपलेला होता. बंदी उठली १८७३ मध्ये. मधल्या काळात त्या गावच्या लोकांना पुन्हा हद्दपारी भोगावी लागली.

निळू_ठाणेकर

आमच्या ठाण्याचेही हुतात्मे आहेत, त्यांची आठवण कुणी काढत नाही म्हणून लिहितो. आणि ते गोन्सालोच्याही पावणेतीनशे वर्षं आधीचे आहेत.

१३२१ साली चार फ्रान्सिस्कन चीनला निघाले होते: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. जहाज ठाण्याला लागलं. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडच्या परंपरेतली काही ख्रिस्ती कुटुंबं होती, त्यांच्याकडे उतरले. तिथल्या एका घरगुती भांडणाची तक्रार काझीकडे गेली, ह्यांना साक्षीला बोलावलं, बोलणं धर्मावर आलं आणि शेवटी मृत्युदंड झाला. एप्रिल महिना होता. त्यांची आठवण ९ एप्रिलला करतात. पोर्देनोनेचा ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी नंतर ठाण्याला येऊन गेला, त्याच्या वृत्तांतात पुढे असंही आहे की दिल्लीच्या सुलतानाला हे कळलं तेव्हा त्याने ठाण्याच्या मलिकालाच, म्हणजे तिथल्या अंमलदारालाच, शिक्षा केली.

ह्यांच्याबरोबर निघालेला जॉर्डन नावाचा डॉमिनिकन संघाचा पाद्री तेव्हा दुसरीकडे गेला होता म्हणून वाचला. त्याने देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. म्हणजे आत्ताचं नालासोपारा! ओडोरिकने मग त्या अस्थी उचलल्या आणि समुद्रमार्गे चीनला नेल्या. जॉर्डन पुढे कोल्लमचा बिशप झाला.

नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप सगळे दाखवतात. ही गोष्टही त्याच गावाची आहे.

माडाखालची

निळूभाऊ, हे मला अजिबात माहीत नव्हतं. गास आणि सोपारा म्हणजे शेजार. आजच आईला फोन करून सांगते.

बाणावलीकार

आमच्या गोव्याचा संत जुझे वाझ ह्या धाग्यात शोभेल म्हणून थोडक्यात. बाणावलीत १६५१ मध्ये जन्म. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती, तेव्हा १६८७ मध्ये हा मजुराच्या वेशात तिकडे शिरला. तमिळ आणि सिंहली शिकला. कँडीच्या राजाने हेर समजून तुरुंगात टाकला, पुढे त्याच राजाने आसरा दिला. देवीच्या साथीत रोग्यांची सेवा केली. १६ जानेवारी १७११ ला कँडीतच गेला, म्हणून सण १६ जानेवारीला. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस ह्यांनी संत जाहीर केलं. हुतात्मा नव्हे तो. पण सायबाच्या (संत फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात जी गर्दी लोटते, तिच्यातले थोडे जण तरी १६ जानेवारीला बाणावलीत यावेत अशी माझी फार इच्छा आहे.

इतिहासवेडा

एक राहून गेलेला प्रश्न. १५९७ ते १८६२, इतका उशीर का?

वसईचा_वारा

दोन पायऱ्या असतात. १६२७ मध्ये ‘धन्य’ म्हणून घोषणा झाली, म्हणजे मरणानंतर तिसाव्या वर्षी. तो उशीर नव्हे. पुढे मात्र जपानची दारं बंद झाली, १६१४ नंतर छळ वाढत गेला आणि तिथून काही कळेनासं झालं. दारं पुन्हा उघडायला लागली १८५० च्या दशकात, आणि ८ जून १८६२ ला पोप नववे पायस ह्यांनी सगळ्या २६ जणांना एकत्र संत जाहीर केलं. ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मला वाटतं.

माडाखालची

मी आमच्या इथल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवते. ह्या वर्षी मुलांकडून छोटं नाटुकलं करून घ्यायचं ठरलंय. दरवर्षी टेकडीचाच प्रवेश करतात, पुठ्ठ्याचे क्रूस आणि लाल रंग. धागा वाचून वाटलं की ह्या वेळी हिदेयोशीच्या दरबाराचा प्रवेश घ्यावा. पण स्पॅनिश आणि जपानी दोन्ही मुलांना कुठून येणार? काही सुचवाल का?

वसईचा_वारा

फार छान कल्पना आहे ताई. पेद्रो बाप्तिस्ता झालेल्या मुलाला घरची बोली बोलू द्या, कादोडीच. हिदेयोशी एकदम पुस्तकी मराठीत. मधे गोन्सालो, दोन्हीकडचं समजणारा. हिदेयोशी म्हणेल, तुमच्या राजाने माझ्यापुढे वाकावं. गोन्सालोने ते फादरांना जसंच्या तसं सांगायचं आणि फादरांचं नकाराचं उत्तर खोटं न बोलता, पण अपमान न होता परत न्यायचं. ते वाक्य मुलांनाच रचायला सांगा, प्रत्येकाकडून एकेक.

ओसाकावासी

आणि दवाखान्याचा प्रवेशही घ्या. त्याला संवाद लागत नाहीत, लहान मुलांना तिथे घेता येईल. मी निशिझाकाच्या पुतळ्यांचे फोटो पाठवते, गोन्सालोचा वेगळा काढलेला आहे. पोशाखासाठी उपयोग होईल: अंगभर झगा आणि कमरेला गाठी मारलेली दोरी.

माडाखालची

नक्की पाठवा. झगे शिवायला आजच टाकते, दोरी घरात आहे.